मेघवनं आणि ढगातलं पाणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्लाउड फॉरेस्ट, म्हणजे मेघवन, हा विषय निघाला की काही प्रश्न हटकून येतात. ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर ढगातून पाणी ओढून घेणारं एखादं जादूचं झाड असतं, त्यामुळे प्रश्नही पाण्याच्या कमाईबद्दलच जास्त असतात. खर्चाची बाजू क्वचितच कुणी विचारतं. माझ्या मते खरी गोष्ट तिथेच आहे. घाई असेल तर प्रश्न ८ आणि ९ तेवढे वाचा.

१. मेघवन म्हणजे काय? नेहमीच्या पावसाळी जंगलापेक्षा ते वेगळं कसं?

डोंगराच्या ज्या पट्ट्यात ढग वारंवार जमिनीला टेकतात, तिथलं जंगल म्हणजे मेघवन. पाऊस किती पडतो हा इथे निकष नाही. झाडांचे शेंडे ढगात किती वेळ बुडालेले असतात, ते महत्त्वाचं. मोठ्या पर्वतरांगांत हा पट्टा साधारण १,५०० ते ३,००० मीटर उंचीवर सापडतो. समुद्रातल्या बेटांवर मात्र हवा मुळातच इतकी दमट असते, की थोडी उंची चढली तरी ढग तयार होतात. म्हणून तिथे ५००-६०० मीटरवरही मेघवन दिसतं. ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाऊ बेटावरचा माउंट गॉवर उणापुरा ८७५ मीटरचा, पण माथ्यावर अस्सल मेघवन आहे.

मध्य अमेरिका, अँडीज, टांझानियातले उलुगुरू डोंगर, बोर्निओचा किनाबालू, हवाई, निलगिरीतली शोला वनं अशी ही यादी बरीच लांबवता येईल. ओळखायची खूण सोपी आहे: झाडाचं खोड दिसत नाही. मॉस (शेवाळासारखी मऊ, हिरवी वनस्पती), नेचे, ऑर्किड यांनी ते पार गुंडाळलेलं असतं.

२. ढग आणि धुकं यात फरक काय?

तुम्ही कुठे उभे आहात, एवढाच. पायथ्याच्या माणसाला जो ढग दिसतो, तोच माथ्यावरच्या माणसासाठी धुकं असतो. हिवाळ्याच्या रात्री दरीत साचणारं धुकं मात्र वेगळं. तिथे हवा जवळजवळ स्थिर असते, आणि वारा नसला तर झाडांच्या हाती फारसं काही लागत नाही. का, ते पुढच्या उत्तरात.

३. झाड ढगातलं पाणी ‘पकडतं’ म्हणजे नेमकं काय घडतं?

ढग म्हणजे वाफ नव्हे. ते द्रवरूप पाणीच असतं, फक्त फार बारीक थेंबांत वाटलेलं. ढगातल्या थेंबाचा व्यास साधारण १० ते २० मायक्रोमीटर असतो. २ मिलिमीटरचा पावसाचा एक थेंब व्हायला २० मायक्रोमीटरचे दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात. एवढा बारीक थेंब खाली पडतो तो सेकंदाला सेंटीमीटरभर वेगाने, म्हणजे पडत नाही म्हटलं तरी चालेल. वारा मात्र त्याला सेकंदाला पाच-पाच मीटर आडवा पळवत असतो. म्हणून उघड्यावर ठेवलेलं पर्जन्यमापक धुक्यात कोरडं राहतं. थेंब त्याच्या तोंडावरून निघून जातात.

वाटेत झाड आलं की हवा वळसा घालून पुढे जाते. थेंबाला हवेपेक्षा वजन जास्त, त्यामुळे त्याला तितक्या झटकन वळता येत नाही आणि तो पानावर आपटतो. इथे एक गंमत आहे. अडथळा जितका बारीक, तितकी पकड चांगली. रुंद पानासमोर हवा लांबूनच वळायला लागते आणि थेंबांनाही सोबत नेते. सुईसारखं पान, मॉसचा तंतू, दगडफुलाची लोंबती दाढी यांच्या बाबतीत वळण अगदी ऐनवेळी येतं आणि थेंब चुकवू शकत नाही. पाइनसारखी सूचिपर्णी झाडं आणि मॉसने लगडलेल्या फांद्या या कामात पटाईत असतात ते यामुळे.

पुढचं सगळं आपल्या ओळखीचं. थेंबाला थेंब मिळतो, भार वाढतो, पानाच्या टोकातून पागोळ्या सुरू होतात. काही पाणी खोडावरून ओघळतं. बाहेर उघड्यावर पाऊस नाही आणि झाडाखाली मात्र टपटप चालू, असा अनुभव त्यातून येतो. याला आडवा पाऊस असंही म्हणतात.

४. असं किती पाणी मिळतं? आकड्यात सांगा.

आधी ढगात पाणी असतं किती ते पाहू. एका घनमीटरला ०.२ ग्रॅम धरा. दहा बाय बाराच्या खोलीत ढग कोंडला तर त्यात सगळं मिळून सात-एक ग्रॅम, म्हणजे चमचा-दीड चमचा पाणी. अगदीच किरकोळ. पण ढग थांबून राहत नाही. सेकंदाला ५ मीटर वारा असेल तर एक चौरस मीटर उभ्या चौकटीतून तासाला ३.६ लिटर पाणी जातं. त्यातलं चौथाई जरी अडलं तरी तासाला जवळपास लिटरभर झालं.

प्रत्यक्षात वारा, ढगाचे तास, उतार कोणत्या दिशेला आहे यावर सगळं अवलंबून असतं. भरपूर पावसाच्या मेघवनांत ढगातून मिळणारं पाणी बहुधा पावसाच्या ५ ते २० टक्के भरतं. वाऱ्याच्या तोंडावरच्या कड्यांवर आणि कोरड्या महिन्यांत हे प्रमाण खूप चढतं. कधी कधी ते पावसालाही मागे टाकतं.

यापेक्षा सनसनाटी आकडे फिरत असतात, ते जपून घ्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुडॉल्फ मार्लोथ या वनस्पतिशास्त्रज्ञाने दक्षिण आफ्रिकेतल्या टेबल माउंटनवर दोन पर्जन्यमापकं ठेवली, एक उघडं आणि एकावर वेताच्या काड्यांचा जुडगा. दोन महिन्यांच्या आत उघड्यात सुमारे ५ इंच पाणी जमलं, काड्यांच्या मापकात जवळपास ८० इंच. प्रयोग झकास होता, आणि डोंगरावर पावसाव्यतिरिक्त पाणी येतं हे त्यातून निर्विवाद दिसलं. पण काड्या मापकाच्या तोंडापेक्षा कितीतरी मोठ्या उभ्या क्षेत्रातलं पाणी गोळा करत होत्या, आणि वाऱ्यात एकट्या उभ्या होत्या. दाट जंगलात पुढचं झाड मागच्याचा वाटा खातं. तेव्हा ‘जंगलाने पाऊस सोळा पट होतो’ असा अर्थ यातून निघत नाही.

५. झाड हे पाणी पानांतून थेट पितं का?

थोडं पितं. मुळातून पाणी वर चढतं तेच शिकवलं जात असल्यामुळे हे खोटं वाटतं, पण मेघवनातल्या अनेक झाडांची पानं ओली राहिली की पाणी आत घेतात, आणि क्वचित प्रवाह उलटा होऊन ते देठाकडे, फांदीकडे सरकतं. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या रेडवूड वृक्षांच्या जंगलातही हे दिसलं आहे. ते उष्णकटिबंधातलं मेघवन नव्हे, पण उन्हाळ्याच्या धुक्यावर तगणारं जंगल आहे. तिथल्या तीन वर्षांच्या मोजणीत जंगलाला मिळणाऱ्या वार्षिक पाण्यापैकी सुमारे ३४ टक्के धुक्याच्या ठिबकण्यातून आलेलं निघालं.

ओढ्यापर्यंत पोचणाऱ्या पाण्याच्या हिशोबात पानांनी प्यायलेला हा घोट लहानच. झाडाला मात्र कोरड्या आठवड्यात तो तारतो.

६. झाडांवर चढलेली ही शेवाळं, ऑर्किड म्हणजे बांडगुळंच ना? काढून टाकली तर झाड सुखी होईल?

नाही, आणि कृपा करून काढू नका. बांडगूळ झाडाच्या आत मूळ घुसवून त्याचा रस ओढतं. या वनस्पती फक्त जागा वापरतात. त्यांना अपिवनस्पती म्हणतात. पाणी आणि क्षार त्या हवेतून, पावसातून, ढगातून मिळवतात.

उलट झाडालाच त्यांचा फायदा होतो. मॉस स्वतःच्या कोरड्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरतं आणि सावकाश सोडतं. मेलेल्या मॉसची आणि पाचोळ्याची मिळून फांदीवरच माती तयार होते. नलिनी नाडकर्णी यांनी १९८१ साली दाखवून दिलं, की काही झाडं आपल्या फांद्यांतूनच मुळं फोडून या वरच्या मातीत घालतात. ते काम वॉशिंग्टनमधल्या ऑलिंपिक द्वीपकल्पातल्या जंगलातलं. पुढे त्यांनी बराच काळ कोस्टा रिकाच्या मोंतेव्हेर्देच्या मेघवनात काम केलं. खरवडून काढलेली फांदी पुन्हा पहिल्यासारखी भरायला वर्षानुवर्षं लागतात. सजावटीसाठी मॉसची पोती भरून नेणाऱ्यांना हे सांगून उपयोग होतो का, हा वेगळा प्रश्न.

७. एवढं पाणी आहे, तर उंच मेघवनातली झाडं खुजी का असतात?

कारण तिथे पाणी सोडून बाकी सगळ्याची टंचाई असते. ढगामुळे ऊन कमी, थंडीमुळे पाचोळा कुजायला वेळ, त्यामुळे नत्र कमी. माती सदा भिजलेली, म्हणून मुळांना हवा कमी. वर वारा. माथ्याजवळ झाडं वाकडीतिकडी आणि पुरुष-दीड पुरुष उंचीचीच राहतात. वय मात्र शेकड्यात असू शकतं.

८. खाली राहणाऱ्या लोकांना याचा काय उपयोग?

होंडुरासची राजधानी तेगुसिगल्पा शहराबाहेरच्या ला तिग्राच्या मेघवनातून पाणी घेते. हे जंगल १९८० साली देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. दार-ए-सलामला पाणी देणारी रुवू नदी उलुगुरूच्या मेघवनांतून येते.

शहरांना या जंगलांचं आकर्षण वाटतं ते किती पाणी येतं यापेक्षा कधी येतं यासाठी. पाऊस येतो तेव्हा सगळीकडेच येतो. ओढा कोरड्या महिन्यांत वाहतो का, हा खरा प्रश्न. मेघवनात तेव्हाही ढग अधूनमधून टेकतात, पागोळ्या चालू राहतात, आणि सच्छिद्र माती पाणी मुरवून झऱ्यांना हळूहळू देते. शिवाय पाणी स्वच्छ येतं, कारण तीव्र उतारावरची माती मुळांनी धरलेली असते.

म्हणून काही देशांनी हा उपयोग पैशात मोजायला सुरुवात केली. कोस्टा रिकाच्या १९९६ च्या वनकायद्यातून जंगल राखणाऱ्या जमीनमालकांना मोबदला देण्याची योजना उभी राहिली. इक्वेडोरच्या कीतो शहराने २००० साली पाणलोटासाठी कायमस्वरूपी निधी सुरू केला.

९. जंगल तोडलं की ओढ्याचं पाणी वाढतं असं वाचलं. मेघवनालाही ते लागू होतं का?

वाचलंत ते बरोबर आहे, बहुतेक जंगलांच्या बाबतीत. झाडं मुळांनी पाणी ओढतात आणि पानांतून हवेत सोडतात. झाडं गेली की तो खर्च वाचतो आणि वर्षभराचा एकूण प्रवाह वाढतो. पर्यावरणाच्या उत्साहात हे नाकारणारे लोक पुढे अडचणीत येतात.

मेघवन हा अपवाद ठरतो, आणि तो दोन्ही बाजूंनी. कमाईची बाजू प्रश्न ४ मध्ये आली. खर्चाची बाजू अशी: ढगाने सूर्य झाकलेला, हवा दवाने भरलेली, पानं ओली. अशा स्थितीत बाष्पोत्सर्जन जवळजवळ थांबतं. मेघवन मिळवतं त्यापेक्षा राखतं जास्त, असं मला वाटतं. तुलनेने कमी उधळ्या जंगलाला तोडून वाचणार काय?

अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये पोर्टलंड शहराला पाणी देणाऱ्या बुल रन पाणलोटातलं उदाहरण यासाठी नेहमी दिलं जातं. डेनिस हार यांनी १९८२ साली छापलेल्या मोजणीत जुन्या जंगलाखाली १,७३९ मिलिमीटर पाणी जमिनीवर पोचलं, शेजारच्या तोडलेल्या जागेत १,३५२. तोडीनंतर वार्षिक प्रवाह अपेक्षेप्रमाणे वाढला नाही, आणि उन्हाळ्यातला प्रवाह उलट घटला.

पण याचा अर्थ ‘मेघवन तोडलं की ओढा आटतोच’ असाही नाही. भरपूर पावसाच्या ठिकाणी जंगलाचं कुरण झालं तर वार्षिक बेरीज फारशी हलत नाही, कारण ढगाचं पाणी बुडतं आणि झाडांचा उरलासुरला खर्चही वाचतो. खरा तोटा दुसरीकडून होतो. गुरांच्या खुरांनी माती घट्ट होते, पाणी मुरत नाही, पावसाळ्यात लोंढा आणि नंतर खडखडाट. ‘जंगल म्हणजे स्पंज’ ही लाडकी उपमा खरी ठरते ती मातीमुळे. ती माती टिकली तरच.

१०. वाऱ्याकडच्या जंगलाने ढगातलं पाणी काढून घेतलं, तर पलीकडच्या गावांचा पाऊस कमी होत नाही का?

शंका रास्त आहे, पण नाही, पाऊस कमी होत नाही. ढगाचा थर शेकडो मीटर जाड असतो. झाडं त्याचा तळाचा वीस-तीस मीटरचा पदर तेवढा विंचरतात. शिवाय माथा ओलांडून हवा खाली उतरली की ती तापते आणि हे बारीक थेंब तसेही विरून जातात. पलीकडच्यांना ते मिळणारच नव्हते.

११. कोरड्या प्रदेशात मेघवन असू शकतं?

असू शकतं, आणि माझ्या लेखी तीच सगळ्यात विलक्षण मेघवनं. चिलीतल्या फ्राय होर्गे इथे वर्षाला जेमतेम १५० मिलिमीटर पाऊस पडतो. भोवती निवडुंग आणि खुरटी झुडपं. पण समुद्राकडच्या डोंगरमाथ्यावर धुक्याच्या वाटेत ओलिव्हियो झाडांचं दाट जंगल आहे. जंगलाचे तुकडे धुक्याकडच्या बाजूने ताजे राहतात आणि मागच्या बाजूने मरत जातात.

दुसरं ओमानमधलं धोफार. साधारण जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे तिथल्या किनारी डोंगरांवर ढग बसून राहतो. स्थानिक लोक या ऋतूला खरीफ म्हणतात. वाळवंटाच्या उंबऱ्यावर पानगळीचं जंगल तेवढ्यापुरतं हिरवंगार होतं. भुरभुर पावसात झाडांनी गाळून घेतलेल्या पाण्याची भर पडते, म्हणून ते टिकतं.

यातला धोका लक्षात घ्या. इथे पाण्यामुळे झाड आहे आणि झाडामुळे पाणी. उंटांनी आणि गुरांनी झाडं खाऊन संपवली तर नवं रोप उगवायला लागणारं पाणी गाळायला कुणी उरत नाही. रोप लहान असतं, त्याचा पसारा ढगात शिरण्याइतका नसतो. ओल्या प्रदेशात तुटलेलं जंगल निदान परतू शकतं, इथे परतीची वाट जवळजवळ बंद होते.

१२. मग डोंगरावर झाडं लावून मेघवन तयार करता येईल?

ढग आधीच टेकत असतील तरच. झाड ढग बोलावत नाही.

कॅनरी बेटांपैकी एल हिएरोवर गारोए नावाचं एक झाड होतं. बेटावरचे मूळचे बिंबाचे लोक त्याखाली ठिबकणारं पाणी साठवत. १६१० साली ते वादळात पडलं, आणि विसाव्या शतकात त्याच जागी त्याच जातीचं झाड लावलं गेलं. तेही पाणी देतं, कारण जागा तीच आहे आणि वारा तोच आहे.

दुसरा दाखला अटलांटिकमधल्या असेन्शन बेटाचा. तिथला ८५९ मीटरचा ग्रीन माउंटन एकेकाळी जवळपास उघडा, नेच्यांनी आणि गवताने झाकलेला होता. १८४३ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर तिथे आले. त्यांच्या सल्ल्याने पुढच्या दशकांत जगभरातून झाडं आणून लावली गेली. आज माथ्यावर माणसाने लावलेलं मेघवन उभं आहे. पण किंमतही मोजली गेली: बेटावरच्या मूळ नेच्यांना बाहेरच्या झाडांनी कोपऱ्यात ढकललं.

१३. जाळ्या लावूनही धुक्याचं पाणी मिळतं. मग जंगलच कशाला?

जाळ्या खरंच काम करतात. चिलीतल्या चुंगुंगो या साडेतीनशेच्या आतबाहेर वस्तीच्या गावाला टँकरचं पाणी यायचं. १९९२ पासून डोंगरावरच्या जाळ्यांचं पाणी नळाने आलं, दिवसाला सरासरी सुमारे १५,००० लिटर. जाळीच्या एका चौरस मीटरला दिवसाकाठी तीन-एक लिटर हे तिथलं प्रमाण.

दहा-बारा वर्षांत ती व्यवस्था मोडीत निघाली. वाऱ्याने जाळ्या फाटल्या, देखभाल कोण करणार हे ठरेना. तंत्र पास झालं, व्यवस्था नापास झाली. जंगल आपली जाळी स्वतः विणतं आणि स्वतः दुरुस्त करतं. ज्या उघड्या कड्यावर जंगल उभंच राहू शकत नाही तिथे जाळी जरूर लावावी. जिथे जंगल आहे तिथे ते काढून जाळी लावणं म्हणजे गाय विकून दूध विकत घेणं.

१४. धुक्याचं पाणी पिण्यालायक असतं का?

स्वच्छ हवेच्या डोंगरावर, स्वच्छ भांड्यात, बहुधा हो. पण ढगाचे थेंब बारीक असल्यामुळे त्यांत क्षार आणि प्रदूषकं पावसापेक्षा जास्त तीव्रतेने असतात. वाऱ्याच्या वाटेत शहर किंवा कारखाने असतील तर तपासल्याशिवाय पिऊ नये.

१५. पाणी सोडलं तर या जंगलांत आणखी काय आहे?

जागेच्या मानाने अफाट. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासानुसार मेघवनं जमिनीच्या सुमारे ०.४ टक्के भागावर आहेत, आणि पक्षी, सस्तन प्राणी, उभयचर, वृक्षनेचे यांच्या एकूण विविधतेपैकी सुमारे १५ टक्के त्यांत सापडते. त्याच अभ्यासात २००१ ते २०१८ या काळात २.४ टक्के मेघवन नाहीसं झाल्याचं दिसलं.

कारण भूगोलात आहे. प्रत्येक माथा म्हणजे ढगातलं एक बेट. शेजारच्या माथ्यावर जायचं तर मधली उबदार दरी ओलांडावी लागते, आणि बेडकाला किंवा ऑर्किडला ते जमत नाही. मग प्रत्येक डोंगरावर वेगळी जात घडत जाते. कोलंबिया-इक्वेडोरच्या मेघवनातला ओलिंगीतो हा रॅकूनच्या कुळातला प्राणी विज्ञानाला २०१३ साली कळला. तोवर तो संग्रहालयांच्या खणांत दुसऱ्याच नावाने पडून होता.

१६. तापमान वाढलं तर मेघवनांचं काय होईल? ढग वर सरकतात म्हणजे काय?

हवा वर चढताना थंड होते आणि दवबिंदू, म्हणजे हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं ते तापमान, गाठला की ढग बनतो. तापमान आणि दवबिंदू यांतलं अंतर १ अंश सेल्सिअसने वाढलं, तर ढगाचा तळ सुमारे १२५ मीटर वर जातो. झाडं चालू शकत नाहीत. फार तर त्यांच्या बिया पिढ्यान्‌पिढ्या वर सरकतील, आणि डोंगर वरच्या दिशेला संपतो.

पायथ्याची तोडही यात भर घालते. कोस्टा रिका आणि निकाराग्वाच्या सीमेवर उपग्रहचित्रांची तुलना करून २००१ साली असं मांडलं गेलं, की तोडलेल्या सखल भागावर ढग कमी बनतात आणि उंचावर बनतात. म्हणजे माथ्यावरचं जंगल कुंपण घालून राखलं, तरी त्याचा ढग खालच्या कुरणांवर ठरू शकतो. संरक्षित क्षेत्राच्या नकाशावर हे दिसत नाही.

मोंतेव्हेर्देचा सोनेरी भेक याचं उदाहरण म्हणून नेहमी पुढे केला जातो. १९८७ मध्ये तिथल्या डबक्यांवर दीड हजारांहून जास्त भेक दिसले होते, १९८९ मध्ये एकच, आणि त्यानंतर एकही नाही. २००४ साली तो नामशेष जाहीर झाला. पण एकट्या तापमानवाढीवर त्याचा ठपका ठेवणं घाईचं होईल. बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशी आणि त्या वर्षांतला एल निनोचा कोरडेपणा हे दोघंही संशयितांच्या यादीत आहेत.

१७. मला हे स्वतः पाहायचं असेल तर?

धुकं आहे, वारा आहे, पाऊस नाही, अशी वेळ गाठा. सारख्या तोंडाची दोन भांडी घ्या. एक उघड्यावर ठेवा, दुसरं वाऱ्याच्या बाजूला असलेल्या, मॉस चढलेल्या झाडाखाली. तासाभराने दोन्ही मोजा. पाऊस आला तर मोजणी बाद. झाडाखालचं पाणी चहासारखं पिवळसर निघालं तर दचकू नका, तो साल आणि मॉस धुऊन आलेला रंग असतो. भांडं झाडाच्या मधोमध ठेवलं आणि काहीच मिळालं नाही, तर वाऱ्याकडच्या कडेला सरकवून पाहा. पहिला मारा तिथलीच पानं झेलतात.